ॲम्पची मांडणी

आमचा बँड बंद पडला तेव्हा भांडण वगैरे काही झालं नाही. अभय बंगळुरूला गेला, कीबोर्डवाल्याला जुळ्या मुली झाल्या आणि ड्रमरनं ड्रम विकून इन्व्हर्टर घेतला. उरला प्रश्न सामानाचा. तो सोडवायला कुणी बसलंच नाही, कारण सरावाची जागा म्हणजे माझाच पुण्यातला फ्लॅट. तळमजला, दारापर्यंत गाडी येते, पायऱ्या फक्त ३. "राहू दे रे तुझ्याकडे, महिन्याभरात नेतो," असं म्हणून जो तो गेला, त्याला आता ४ वर्षं होऊन गेली.

त्यामुळे आमच्या मागच्या खोलीत ५ ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारे पेटारे, जमले होते. माझे तीन: पहिल्या पगारातून घेतलेला स्ट्रेंजरचा क्यूब, मांडीवर मावेल एवढा रोलँडचा मायक्रो क्यूब आणि बऱ्याच वर्षांनी हौसेनं घेतलेला फेंडर ब्लूज ज्युनिअर. बाकीचे दोन पाहुणे. अभयनं अमेरिकेतून आणलेला फेंडरचा ट्विन रिव्हर्ब आणि कीबोर्डवाल्याच्या भावाचा व्हॉक्स एसी ३०. हे दोघं दिसायला देखणे, आवाजाला त्याहून देखणे आणि उचलायला मात्र गॅसच्या भरलेल्या सिलिंडरएवढेच जड. वजन काट्यावर केलं. ॲम्प छातीशी धरला की काट्यावरचा आकडा दिसत नाही, म्हणून बायकोनं, मृणालनं, वाकून वाचला. "एकशे दहा. त्यातले अठ्ठ्याहत्तर तुझे." म्हणजे व्हॉक्स ३२ किलो. ट्विन २९ भरला. ब्लूज ज्युनिअर १४.

रचना अशी होती: खाली व्हॉक्स, त्यावर ट्विन, त्यावर ब्लूज ज्युनिअर, बाजूला स्ट्रेंजर, आणि मायक्रो क्यूब कपाटात साड्यांच्या कप्प्यात. व्हॉक्स वाजवावासा वाटला तर आधी दोन ॲम्प उतरवायचे, तोपर्यंत वाजवायची इच्छा मरून जायची. त्यात ही उतरंड पश्चिमेच्या भिंतीला टेकलेली. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते. गणपतीच्या सुमारास बघितलं तर व्हॉक्सच्या काळ्या विनाइलवर पांढऱ्या बुरशीचे ठिपके, चांदण्या पडाव्यात तसे. ओल्या फडक्यानं पुसले, उन्हात ठेवला, पण पुढच्या वर्षी हे असं चालणार नाही हे कळलं.

पहिला प्रयत्न मी स्वतःच्या हुशारीवर केला, तो थोडक्यात सांगतो. आतल्या कोरड्या भिंतीवर लोखंडी ब्रॅकेट ठोकून फळी लावली आणि तिच्यावर ब्लूज ज्युनिअर ठेवला. ड्रिल मारताना विटेची लाल भुकटी यायला हवी होती, आली पांढरी, टाल्कम पावडरीसारखी. तेव्हाच थांबायला हवं होतं. नव्या इमारतीतल्या आतल्या भिंती पुष्कळदा हलक्या ब्लॉकच्या असतात, ज्यांना सगळे सिपोरेक्स म्हणतात. त्यात स्क्रू धरायला भोकात ठोकलेला साधा प्लॅस्टिकचा गुल्ला घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण खालून सतत ओढ लागली की भोक मोठं होत जातं. पाचव्या दिवशी सकाळी मृणालनं हाक मारली. वरचा स्क्रू भिंतीतून बोटभर बाहेर आला होता आणि ॲम्प पुढे झुकून खाली बघत होता. आम्ही दोघांनी तो असा उतरवला की जणू झोपलेलं मूल आहे.

एका सुताराला फोन केला. फोटो बघून तो म्हणाला, पूर्ण किचनचं काम असेल तर सांगा.

त्याच सुमाराला सासूबाई भिशीतल्या मैत्रिणींबरोबर काशीयात्रेला गेल्या आणि अप्पा, म्हणजे माझे सासरे, काही दिवसांसाठी आमच्याकडे राहायला आले. अप्पा एसटीत होते. दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत, जिथे नुसत्या चासीवर बसची अख्खी बॉडी उभी राहते, तिथे त्यांनी ३४ वर्षं काढली. सांगाडा, पत्रे, रिव्हेटा, प्लायची जमीन, खिडक्यांची रबरं, सगळ्यातून हात गेलेला. पण अप्पांचा एक नियम आहे. जावयाला चूक म्हणायचं नाही. लग्नाला १६ वर्षं झाली, अजून ते मला 'निखिलराव' आणि 'अहो' करतात. मला काही सांगायचं असलं की ते प्रश्नाच्या रूपात येतं किंवा मृणालमार्फत.

भिंतीतली दोन भोकं त्यांनी पहिल्याच दिवशी बघितली. बोट घालून भुकटी काढली, चिमटीत चोळली आणि म्हणाले, "मृणाल, हल्ली भिंतीला भार देतात का गं?"

मी तोपर्यंत आलेखाच्या कागदावर नवा आराखडा काढला होता. जमिनीवर उभा राहणारा रॅक, ५ फूट रुंद, तीन लांब फळ्या. सगळ्यात वर, डोळ्यांच्या उंचीवर, व्हॉक्स. कारण तो दिसायला सुंदर. अप्पांनी कागद बराच वेळ बघितला. मग आमच्या मुलाच्या कंपासपेटीतून प्लॅस्टिकची फूटपट्टी मागवली, दोन वाट्या पालथ्या घालून तिची टोकं त्यांवर टेकवली आणि मधोमध बोटानं दाबलं. पट्टी वाकली. मग दोन्ही वाट्या जवळ आणल्या, निम्म्या अंतरावर, आणि तेवढंच दाबलं. हललीसुद्धा नाही. मग वाट्या पुन्हा लांब नेऊन पट्टी कडेवर उभी धरली. मला म्हणाले, "आता दाबा." दाबलं. ढिम्म.

एवढ्यावर त्यांचं सांगणं संपलं. पुढचं मी नंतर वाचून काढलं. वजन तेच ठेवून आधारांमधलं अंतर दुप्पट केलं की फळी आठपट वाकते. जाडी दुप्पट केली तर उलट आठवा हिस्सा. म्हणजे ५ फुटांची सलग फळी आणि तिच्यावर मधोमध ३२ किलो हे कागदावरच वाकलेलं होतं. मध्ये एक खांब घातला की प्रत्येक खण ३० इंचांचा होतो आणि फळीच्या पुढच्या कडेला सागाची उभी पट्टी चिकटवली की झालं. ती पट्टी शोभेची नसते, कंपासपेटीतल्या पट्टीसारखं ते उभं धरलेलं बळ असतं.

दुसरा प्रश्न त्यांनी जेवताना विचारला. "निखिलराव, तो जड पेटारा वर कोण ठेवणार?" मी म्हणालो, मीच. जेवण झाल्यावर त्यांनी मला व्हॉक्स जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवायला लावला. मग स्टुलावरून उचलून खांद्याच्या उंचीला धरायला सांगितला. ते ॲम्पकडे बघतच नव्हते, माझ्या कमरेकडे बघत होते. मी आराखड्यातला व्हॉक्स गुपचूप खाली आणला. आतापर्यंत मी ॲम्पची मापं घेत होतो. खरं माप त्यांच्या मागच्या माणसाच्या पाठीचं घ्यायचं होतं, आणि माझी पाठ ४६ वर्षांची आहे.

शेवटी ठरलं ते असं. तीन उभे खांब, ५ फुटी. त्यांच्यामध्ये ३० इंचांचे दोन खण. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून ४ इंच वर, म्हणजे लादी पुसताना पाणी लागणार नाही आणि झाडू आत जाईल. खालच्या दोन खणांची उंची २४ इंच, तिथे व्हॉक्स आणि ट्विन शेजारी शेजारी. मधले दोन २० इंचांचे, ब्लूज ज्युनिअर आणि स्ट्रेंजरला. वर ९ इंचांची फट उरते, तिच्यात वायरी, पेडल आणि साड्यांतून सुटका झालेला मायक्रो क्यूब. खोली १६ इंच. ॲम्प स्वतः १०-११ इंचच खोल असतात, पण मागून वायर निघते, आणि पाठ उघडी असलेल्या ट्यूबच्या, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या, ॲम्पला मागे हवा लागते. त्यासाठी रॅकला मागचा पत्रा द्यायचाच नाही.

रॅक हा शब्द माझा. अप्पा पहिल्यापासून मांडणी म्हणत होते. त्यांच्या आईच्या स्वयंपाकघरात पितळी डबे ठेवायला होती ना, ती मांडणी. हळूहळू घरात सगळे तेच म्हणायला लागले.

शनिवारी आम्ही भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात गेलो. १८ मिलिमीटरचा प्लाय, ८ बाय ४ चे दोन पत्रे. दुकानातला पोरगा वरचे दोन उचलून देत होता. अप्पांनी त्याला थांबवलं, उकिडवे बसले, एक डोळा मिटला आणि पत्र्याच्या कडेवरून दुसऱ्या टोकापर्यंत नजर सोडली. नाही. दुसरा. त्यालाही नाही. मग बोटांच्या सांध्यांनी पत्रा टकटक वाजवत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेले, दारं वाजवत जावं तसे. एका ठिकाणी आवाज बदलला. टकचा टप्प झाला. "आत पोकळ आहे," म्हणाले. थरांमधल्या एखाद्या तुकड्यात फट राहिली की तिथे स्क्रू धरत नाही. पोरगा वैतागून म्हणाला, "काका, स्थळ बघायला आलात का?" अप्पा म्हणाले, "स्थळाला एवढं वाजवता येत नाही." सहावा आणि नववा पत्रा पसंत पडला. दोन्हींवर ७१० क्रमांकाचा आयएसचा शिक्का होता, म्हणजे पाण्याला टिकणारा, मरीन म्हणतात तो. आमच्या पश्चिमेच्या भिंतीची आठवण ठेवून मी चौरस फुटाला सव्वाशे मोजले आणि गप्प बसलो.

कापून तिथेच घेतलं. घरी हातकरवतीनं ८ फूट सरळ कापणं हे माझं काम नव्हे. हिशोब सोपा होता: ४ फूट म्हणजे ४८ इंच, १६ चे तीन पट्टे. मशीनवाल्यानं मान हलवली. पातं स्वतः ३ मिलिमीटर लाकूड खातं, दोनदा कापलं की ६ गेले. तिन्ही पट्टे १६ ला सुतापेक्षा थोडे कमी भरले. कुणाला काही फरक पडला नाही, पण तीनही एकसारखे कमी भरले हे महत्त्वाचं. पहिल्या पत्र्यातून तीन खांब आणि तीन फळ्या, दुसऱ्यातून नऊ फळ्या. लागणार होत्या आठ, म्हणजे चार जास्तीच्या. त्या पुढे कामाला आल्या. शेजारच्या दुकानातून जुन्या वाड्याच्या चौकटीचं सागवान घेतलं, पट्ट्या आणि बट्ट्यांसाठी, म्हणजे फळीखाली आधाराला लावायच्या तुकड्यांसाठी. खिळ्यांची काळी भोकं होती, पण इतकं कोरडं लाकूड नवीन मिळत नाही. टेम्पोसकट सगळं तेरा हजारांच्या आत बसलं.

जोडणीला चार दिवस लागले, संध्याकाळचे दोन-दोन तास. माझी कल्पना अशी होती की खांबातून फळीच्या कडेत स्क्रू मारले की झालं. अप्पांनी प्लायचा एक तुकडा घेतला, त्याच्या कडेत स्क्रू पिळला आणि मला दाखवला. थर उघडायला लागले होते, पुस्तकाची पानं ओल लागून सुटावीत तसे. "स्क्रू धरायला असतो निखिलराव. पेलायला खालून काहीतरी हवं." मग प्रत्येक फळीखाली खांबाला सागाची बट्टी आली, फेव्हिकॉल लावून आणि स्क्रू मारून. फळी बट्टीवर बसते, बट्टी खांबावर आणि खांब जमिनीवर. स्क्रूचं काम एवढंच की कुणी जागा सोडू नये. प्रत्येक स्क्रूला आधी बारीक भोक, वर डोकं बसेल एवढी वाटी. १०० च्या वर स्क्रू झाले. माझ्या तळहाताला फोड आला. अप्पांच्या नाही.

माझी खरी फजिती तिसऱ्या दिवशी झाली. सांगाडा उभा केला, भिंतीकडे सरकवला आणि तो अर्धा इंच अलीकडेच थांबला. ढकलला, तरी नाही. भिंतीच्या पायथ्याला ४ इंच उंचीची स्कर्टिंगची लादी असते आणि ती भिंतीच्या पुढे येते, हे मी ११ वर्षं रोज बघतो. आराखड्यात ती नव्हती. मी अप्पांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला वाटलं तुम्ही धरलं असेल." सांगाडा परत आडवा केला, तिन्ही खांबांच्या मागच्या पायाला खाच पाडली, पटाशीनं साफ केली. ते काम त्यांनी मला करूच दिलं नाही.

उभा केल्यावर तो डावी-उजवी डुलत होता. हाताच्या धक्क्यानं सगळे काटकोन एका दमात तिरपे व्हायचे. चार जास्तीच्या फळ्यांचे ६ इंची पट्टे कापून ते प्रत्येक खणात मागच्या बाजूला, फळीला लागूनच खाली, उभे बसवले आणि डुलणं थांबलं. वर भिंतीला दोन एल-क्लॅम्प लावले, तेही लांब गुल्ले घालून. भार घ्यायला नाही, मुलगा कधी लोंबकळला तर मांडणी पुढे येऊ नये म्हणून.

पॉलिश मी एकट्यानं केलं. लाखेचं, स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या बोळ्यानं, चार हात. अप्पा म्हणाले, आठ दिवस काही ठेवू नका. मी पाचव्या दिवशी स्ट्रेंजर ठेवला. त्याच्या रबरी पायांचे चार गोल ठसे मधल्या फळीवर अजून आहेत.

ट्विनची गोष्ट वेगळी. तो अमेरिकन, १२० व्होल्टवर चालतो. आपल्याकडे २३०. मध्ये स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. धोका असा की त्याची चपटी पिन आपल्या भिंतीतल्या सॉकेटात जात नाही, पण सगळ्या पिना घेणाऱ्या एक्स्टेंशन बोर्डात सहज जाते. बँडच्या काळात एकदा तसं झालं होतं, फ्यूज उडाला म्हणून निभावलं. आता ट्रान्सफॉर्मर त्याच्याच खणात, रबरी चटईवर पक्का बसवलाय आणि ट्विनची वायर मागच्या पट्ट्याला इतकी आखूड बांधलीय की ती दुसऱ्या कुठल्या बोर्डापर्यंत पोहोचतच नाही. महिन्यातून एकदा सगळे ॲम्प थोडा वेळ चालू करतो. वर्षानुवर्षं बंद पडून राहिले तर आतले कपॅसिटर खराब होतात. व्हॉक्स मात्र आत वाजवत नाही. तो वरून तापतो आणि त्याच्या डोक्यावर दोनच इंच मोकळे आहेत. त्याच्याखाली अप्पांनी सतरंजीचा तुकडा घातलाय. सतरंजी ओढली की ३२ किलो निमूट बाहेर येतात.

सासूबाई सोमवारी येणार होत्या. रविवारी संध्याकाळी सगळे ॲम्प आपापल्या खणात गेले, मी गिटार घेतली, ट्विन चालू केला. सुरांवर सूर गेले. आणि सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर, खालच्या 'जी' सुरावर, खर्रर्र. मांडणीतून कुठूनतरी पत्र्यासारखा आवाज. वरचा सूर वाजवला, गप्प. खालचा ई, गप्प. परत जी. खर्रर्र.

अप्पा आतल्या खोलीत पेपर वाचत होते, चष्म्यासकट बाहेर आले. "काय वाजलं?"

मी म्हटलं, हा एकच सूर वाजवला की होतंय.

त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. "एकाच सुराला ना? बसचं असंच. चाळीसला आली की खिडकी वाजायची, पन्नासला गप्प. प्रवासी म्हणायचे ड्रायव्हरमुळे." बोलता बोलता त्यांनी चष्मा काढला, बाह्या दुमडल्या आणि डावा तळहात मधल्या खांबावर सपाट ठेवला. मी वाजवलं. हात खाली सरकला. वाजवलं. फळीवर. पुढच्या पट्टीवर. ब्लूज ज्युनिअरच्या मुठीवर. दर वेळी नाही अशी मान. मग त्यांनी खांद्यापर्यंत हात ब्लूज ज्युनिअरच्या मागे घातला, गाल ॲम्पला टेकवला आणि डोळे मिटले. मी तार सोडली, सूर विरत गेला, मी हात काढला.

"अरे थांबू नकोस! वाजव, वाजवत राहा तू!"

मी वाजवत राहिलो. जी, जी, जी. त्यांचा हात मागच्या आडव्या पट्ट्याच्या उजव्या टोकाला थांबला, दाबला, आणि खरखर थांबली. सोडला, सुरू झाली. दाबला, थांबली. पट्टा तिथे बट्टीला चिकटल्यासारखा दिसत होता, पण मध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट होती आणि त्या टोकाचा स्क्रू मी लावायचाच विसरलो होतो. मुलाच्या सायकलीची जुनी ट्यूब होती, तिचा दोन बोटं रुंद तुकडा त्यांनी फटीत सरकवला. स्क्रू मी पिळला, ते तळहात ठेवून होते. परत जी वाजवला. नुसता जी आला.

अप्पांनी हात पुसले, चष्मा घातला, बाह्या खाली केल्या. मृणालनं आतून विचारलं, चहा टाकू का.

"टाक," अप्पा म्हणाले. "निखिलरावांना आधी दे."